गेली म्हणजे मिरजेला गेली

१० नोव्हें., सोमवार
मिरजेहून आले. मोतीबिंदू काढला, डोळ्यावर काळा चष्मा. डॉक्टर म्हणाले, चुलीपुढं बसायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही. हे एका डोळ्यानं लिहितेय. अंगणवाडीत रोजची नोंद ठेवायची सवय लागली, निवृत्त झाले तरी सुटत नाही.
शेजारच्या अक्काच्या दाराला कडी. मी आलेली तिला कळलं नसावं.

११ नोव्हें.
मतदारयादीची फेरतपासणी चाललीय. पंचायतीबाहेर यादी लागली. माझा यासीन मोबाईलवर फोटो काढून घेऊन आला. यादीत माझं नाव नाही. वगळलेल्यांच्या कागदावर आहे. कारण: मयत.
यासीन म्हणाला, अम्मा, ताट वाढू का फातिहा पढू? पोरगं हसलं, मीही हसले. नंतर भाकरी तशीच झाकून ठेवली.
आमच्या मुलाणी गल्लीतली आणखी काही नावं त्याच कागदावर, 'स्थलांतरित' म्हणून. मेंढरं घेऊन कोकणात उतरलेल्या धनगरवाड्याचीही. ऊसवाल्यांची पोरं फौजेत, पुण्याला, पार दुबईला. त्यांची नावं जागच्या जागी. मी काही म्हणत नाही. दिसलं ते लिहिलं.

१३ नोव्हें.
यादीचं काम प्रकाश मास्तरकडं. दिवसा शाळा, संध्याकाळी दारोदार. माझ्याच अंगणवाडीतला, खिचडीत वाटाणा आला की भोकाड पसरायचा. आज उंबऱ्यातच उभा. आत ये म्हटलं तरी येईना.
"बाई, तुमच्या दाराला कुलूप होतं, यासीनही घरी नव्हता. अक्काला विचारलं, हौसाबी कुठायत? तर त्या म्हणाल्या, गेली की मंगळवारी. आणि डोळ्याला पदर लावला हो. मी पुढं काय विचारणार?"
अक्काच्या डोळ्याला पदर असतोच. तिलाही मोतीबिंदू, सारखं पाणी गळतं. आणि मंगळवारी मी गेलेच होते की. मिरजेला.
राग आला. म्हटलं, मयत लिहायच्या आधी मातीला कोण कोण होतं एवढं तरी विचारायचंस. उंबऱ्यावरच टेकला. मग चहा दिला. चार घोट घेऊन निम्मा तसाच ठेवून गेला.

१४ नोव्हें.
अक्का समोर येत नाही. तिची सून सांगत होती, आत्ती जेवत न्हाईत, जित्या बाईला मारली मी, असंच घोकत बसल्यात.
खरं तर खोट माझीच. घरातून निघताना 'येते' म्हणायचं, 'जाते' म्हणायचं नाही, हे मी शेंबड्या पोरांना शिकवलं. त्या मंगळवारी एसटी फाट्यावर लागलेली. कुंपणावरूनच ओरडले, अक्का, जाते गं. तिनं तिथंच टोकलं, येते म्हण. मी हात हलवला नि पळाले.

१७ नोव्हें.
तहसील कचेरी, कडेगाव. यादीत परत यायचं तर नवीन मतदाराचा फॉर्म भरायचा. रांगेत कॉलेजच्या पोरी. एकीनं विचारलं, आजी, तुमचं पण पहिलंच? म्हटलं, होय बाई, कालच वयात आले.
खिडकीवरच्या क्लार्कनं कागद उलटेपालटे केले. आधारवर हौसाबी. नोकरीच्या कागदांवर आणि जुन्या यादीत हौसाबाई. अंगणवाडीची बाई म्हणून कुण्या साहेबानं तसं लिहिलं, ते तसंच राहिलं. त्या नावावर जन्मभर मानधन घेतलं, मतं दिली. आता म्हणे दोन्ही एकच आहेत हे सिद्ध करा, २४ तारखेला सुनावणी. मी म्हटलं, शेवंताची शेवंताबाई होते तेव्हा कुणी विचारत नाही. तो म्हणाला, ते वेगळं.
काय वेगळं, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ठाऊक असलेलं कशाला विचारायचं.
यासीनलाही नोटीस. जुन्या यादीत त्याची आई हौसाबाई, त्याच्या कागदावर हौसाबी. माझं नाव मेलं तर मेलं. पण याच मातीतल्या पोराला उद्या कुणी, तू कुठला, असं विचारलं तर? भीती वाटते. इथं लिहिते, त्याला सांगणार नाही.

२४ नोव्हें., सुनावणी
फाट्यावर गेले तर अक्का आधीच उभी. ठेवणीतलं इरकल नेसलेली. कुणी बोलावलं नव्हतं. एसटीत शेजारी बसली, पिशवी मांडीवर.
साहेबांनी तिला विचारलं, या मयत आहेत असं तुम्हीच सांगितलं ना?
"गेली म्हनलं व्हतं मी. गेली म्हंजी मिरजंला गेली. मेली असती तर वारली म्हनली असती. आवं, ही मेल्यावर मी दारात हुबी ऱ्हाऊन मास्तराशी बोलत बसली असती व्हय?"
साहेबांनी हे लिहून घ्यायला लावलं. मग नावाचं विचारलं. हौसाबी आणि हौसाबाई एकच का?
"बी बी हीच अन् बाई बी हीच."
लिहिणारा पोरगा पेन धरून बघतच राहिला. साहेब हसले. मला मात्र रडू आलं, नव्या डोळ्याला चालत नाही तरी आलं. निकाल नंतर कळवू म्हणाले.
येताना अक्कानं पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढून दिल्या. म्हणाली, खा हौसे. एवढंच.

२ डिसें.
निकाल नाही. प्रकाशला विचारलं, तो म्हणतो, वरून आलं की सांगतो. गल्लीतले बरेचजण सुनावणीला गेलेच नाहीत. रोजगार बुडवून कोण जाणार? धनगरवाड्याची तारीख पडली त्या दिवशी माणसं कोकणात मेंढरांमागं. त्यांच्या नोटिसा कुलपांना अडकवलेल्या दिसल्या. माझ्यासाठी अक्का उभी राहिली. त्यांच्यासाठी शेजारी कोण आहे?

८ डिसें., मिरज, लेकीकडं
डोळा तपासायला आले. डॉक्टर म्हणाले, बरा आहे.
पक्की यादी आज नाहीतर उद्या लागणार म्हणतात. आमचं दोघांचं काय झालं, अजून कुणी सांगत नाही. प्रकाश परत घरोघर फिरतोय.
सकाळी निघाले तेव्हा अक्का अंगणात होती. तिला विचारलं, मास्तर आला आणि हौसाबी कुठाय म्हणाला तर काय सांगशील?
"गेली म्हनून तर न्हाई सांगायची. येतीया, वाटंवर हाय म्हनंन."
एसटी फाट्यावर लागलेली दिसत होती. तरी थांबले. पलीकडच्या आळीत प्रकाशची गाडी उभी होती. त्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, येते गं अक्का.