हनुवटी जरा खाली

चि. सुयोग, सिनेमावाल्या भाच्या,

तुझ्या चित्रपटाविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. तुझा फोटोग्राफर नायक हिमालय चढतो, दोनदा प्रेमात पडतो, पण "हनुवटी जरा खाली" असं एकदाही म्हणत नाही. आमच्या धंद्याचा तो बीजमंत्र रे! बोरिवलीच्या स्टुडिओत तीस वर्षं मी तोच जपतोय.

काल शेजारच्या पेट्रिशियाचा पासपोर्ट फोटो तीनदा काढला. तिन्ही धूसर. लेन्स पुसली, कॅमेरा बदलला. ती फोटो बघून म्हणाली, "अंकल, मस्त क्लिअर आलाय ना!" बिघाड कॅमेऱ्यात की पोरीच्या नजरेत, मला कळेना.

हे पत्र पाठवणार नाही, तू ताईला सांगशील. माझ्या उजव्या डोळ्याला नीट दिसत नाहीये, आणि तपासून घ्यायची भीती वाटते.

तुझा,
लवूमामा