अहवालाबाहेर ठेवलेलं पान

सांगली,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सगळ्यात भारी मशीन सांगितलंस न्हवं?" याचं उत्तर मला फोनवर देता येत नाही. दुकानात तुमचा फोन स्पीकरवर असतो, सगळे कारागीर ऐकतात, म्हणून लिहिते आहे. मदुराईत उकाडा सुरू झाला असेल. सोनं गाळायच्या भट्टीपुढून उठल्यावर ताक घेत जा.

घरी सगळं ठीक. शिवतेजदादाने गावच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लावलाय: 'जगातला सर्वात वेगवान लेझर आणणारी गावची कन्या'. मशीन अजून ठरलेलंही नाही, आणि माझ्या मागे चक्क रॉकेट आहे! आई म्हणाली, "क्रांते, दात लय दिसत्यात गं."

प्रयोग तुम्हाला समजेल. सोन्याच्या अगदी पातळ थरावर लेझरचा झटका मारायचा आणि उष्णता आत कशी पसरते ते बघायचं. तुमच्या भट्टीत मिनिटं लागतात. इथे एका सेकंदाचे लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या दोन-चार भागांत सगळं उरकतं. म्हणून झटका त्याहून लहान हवा. आमच्या प्रयोगशाळेसाठी घ्यायला समोर दोन लेझर आहेत. एकाचा झटका अशा एका भागाच्या पाव हिश्श्याएवढा, दुसऱ्याचा त्याच्याही सातपट लहान. आम्हाला पाव हिस्सा पुरतो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दोन्ही चालवून पाहिले. आलेख सारखाच आला.

लहान झटक्याच्या मशीनला चोवीस तास गार पाणी लागतं, खोलीचं तापमान हलून चालत नाही. आमचे भांडारपाल हंबीरकाका, साताऱ्याचे निवृत्त सुभेदार, म्हणाले, "मॅडम, एसी दिवाळीपास्नं बंद हाय. हिला पाणी कोण पाजणार, तुमी का मी?"

मी नुसती हसले.

आबा, तरी मी शिफारस त्याच मशीनची केली. सगळ्यात वेगवान म्हटल्यावर माझ्या मार्गदर्शकांचा, चौगुले सरांचा, चेहरा उजळला होता, गावात फ्लेक्स लागला होता, आणि त्याआधीच्या फोनवर तुमचा तो खुशीतला आवाज. पुण्याच्या आलेखाचं पान मी अहवालातून काढलं. सरांनी विचारलं, "एवढंच ना?" मी म्हटलं, "हो सर." त्यांनी न वाचता सही केली.

चार दिवस पुस्तक उघडते, मिटते. जेवण जात नाही. शुक्रवारी खरेदी समिती मशीनला मान्यता देणार होती. मग ते मशीन महिनोन्‌महिने बंद पडून राहिलं असतं, माझ्या मागून येणाऱ्या मुलांचा प्रयोगही, आणि कारण फक्त मला ठाऊक असतं.

आज सकाळी ते पान घेऊन सरांकडे गेले. या वेळी त्यांनी ते पूर्ण वाचलं. मग म्हणाले, "हे समितीला कळलं तर तुला प्रकल्पात ठेवणं माझ्या हातात राहणार नाही."

"माहीत आहे, सर."

बारा वाजता समितीच्या कार्यालयात शिफारस मागे घेतल्याचं पत्र दिलं. पान जोडलं. ते मी एकटीने काढलं होतं, हेही लिहिलं. पोच घेतली, आणि प्रयोगशाळेची किल्ली सरांच्या टेबलावर ठेवून आले.

तुमच्या रागाला तयार असलेली,
क्रांती