दहापैकी दोन

बाई, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि इकडे मी मास्तर झालो. हसा, हसून घ्या. मास्तर मतलब, पडाव भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये कागद तपासतो. दर सोमवारी पेपरातल्या एका लेखाची झेरॉक्स वाटतात, मुलं त्यावर रेघा मारतात, बाजूला काहीबाही लिहितात आणि मी मार्क देतो. बारावीत दोनदा आपटलेला मी! मालकसरांनी विचारलं होतं, "लेख पे नोट्स लगाना आता है?" मी म्हटलं, "सर, बचपन से." खोटं कुठे होतं? शाळेत दर शनिवारी तुम्ही लेख कापून मोठ्या कागदावर चिकटवायचात, अर्धा कागद कोरा ठेवून झेरॉक्स काढायचात. रेघा फक्त तीन, आणि प्रत्येक रेघेसमोर ती का मारली ते पेन्सिलीनं लिहायचं. नुसती रेघ दिसली की शून्य. वर्ग सगळा हिंदीवाला, पण मी मराठी घरचा, म्हणून माझ्या कागदावर तुम्ही मराठीत लिहायचात. बाकीच्यांना वाटायचं, बाईंनी ह्याला शिव्या दिल्यात. बहुतेक वेळा दिलेल्याच असायच्या.

तो एक शनिवार तर मी विसरणारच नाही. अकरा जणांचे कागद मी एकट्यानं लिहिलेले. काही डाव्या हातानं, काही उजव्या, एक तर दातात पेन्सिल धरून. मधल्या सुट्टीत तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावता. मला वाटतं, गेला कान. तुम्ही अकरा कागद माझ्यापुढे सरकवता, डबा उघडता आणि म्हणता, "घे, मार्क दे." मी मुकाट्यानं देतो. शेवटच्याला तीन.

"ह्याला तीनच का रे?"

"ह्यानं वाचलंच नाही, बाई."

"कोणी नाही वाचलं?"

तुम्ही एक पोळी माझ्या हातावर ठेवलीत. "दहा वेळा वाचलास, अकराव्याला दमलास. गाढवा, दुसऱ्यांच्या नावांआड काय लपतोस, वाचणारा तू एकटाच आहेस." मी गणितात सात मार्क आणणारा. मला असं कोणी म्हटलं नव्हतं. नंतरही नाही.

इथं, बाई, चावी असते. मालकसर लेखाबरोबर सहा वाक्यं देतात. ती सहा मुलाच्या कागदावर मिळाली की दहा मार्क. मुलं लेखाचा फोटो काढून मोबाईललाच विचारतात, त्यामुळे चाळीस कागद आणि डोकं एकच. पिवळ्या मार्करनं अख्खा लेख असा माखतात, जणू त्याला हळद लागलीय. मी चावीशी मिळवून बघतो, मार्क देतो, पुढचा घेतो. चहा गार व्हायच्या आत चाळीस.

हरिशंकरपुरमची एक मुलगी आहे. तिला दोन दिले. अजून एकदा सहा मार्कांच्या खाली गेली की सकाळच्या बॅचमधून संध्याकाळच्या बॅचला जाणार, आणि तिच्या वडिलांनी साफ सांगितलंय, संध्याकाळी पाठवणार नाही. म्हणजे शिक्षण बंद. ती कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"भैया, इसमें ग़लत क्या है?"

"ग़लत कुछ नहीं है. मिल नहीं रहा."

"किससे?"

मी कागद तिच्या हातातून घेतला. कागदावर तीनच रेघा, पेन्सिलीच्या. लेख पाणी वाचवण्यावर होता. 'नागरिकांनी काटकसर करावी' असं काहीतरी, आणि त्यासमोर तिनं लिहिलेलं, "नल चौथे दिन आता है. बचाऊँ क्या, बाल्टी?" तिला हे कोणीच शिकवलेलं नाही.

मी मालकसरांकडे गेलो. "सर, ये लड़की सच में पढ़ती है."

"तो परीक्षा में नल की शिकायत लिखेगी? तुझे नंबर देने हैं या इंक़लाब लाना है?"

मी परत आलो. बसलो. नोकरी आहे, घरी आई आहे, खैर. पुढच्या रविवारी मी तिला चावीतली सहा वाक्यं मोबाईलवर पाठवून दिली. सोमवारी तिचा कागद आला, पूर्ण पिवळा. दहापैकी दहा. जाताना दारातून म्हणाली, "अब ठीक है ना, भैया?" खुश होती. मी म्हटलं, "एकदम." आता दर रविवारी तिचा मेसेज येतो आणि दर रविवारी मी पाठवतो. तिची बॅच वाचली. बाकी काय वाचलं, मला माहीत नाही. पेन्सिल तर ती आता आणतसुद्धा नाही.

जयेंद्रगंजातलं तुमचं घर मला माहीत आहे, पण तिथं आता सूनबाई असतात. त्यांनी हे पत्र फोडून वाचलं तर मला तोंड दाखवायची सोय उरणार नाही, म्हणून पाठवत नाही. आणि एक राहिलं. ते दोन मार्क देताना तिचा कागद मी वाचलाच नव्हता, बाई. तिनं विचारलं तेव्हा पहिल्यांदा वाचला.