लाजरला डायलॉग नाहीत

३ जानेवारी
रोल मिळाला! आजवर नाटकात पोस्टमन, डॉक्टर आणि एकदा दाराआडचा आवाज. आता थेट सिनेमा, तोही येशूच्या आयुष्यावर. मी लाजर. म्हणजे येशूचा तो मित्र, जो मरतो, थडग्यात ठेवतात, बहिणी रडून अर्ध्या होतात, आणि येशू हाक मारतो तेव्हा उठून चालत बाहेर येतो. नीट विचार केला तर अख्खा सिनेमा लाजरवरच उभा आहे. डायलॉग एकही नाही. ते बघून घेऊ.

संकल्प: साखर बंद. रोज दुपारी मरणाची प्रॅक्टिस. कॉन्ट्रॅक्टवर सही होईपर्यंत ताईला सांगायचं नाही.

संध्याकाळी
ताईला सांगितलं. बायको गेल्यापासून ती सोबतीला माझ्याकडे राहते, तिला अंधारात ठेवणं बरं नव्हे. म्हणाली, तुला उठवायला येशूच हवा, मी रोज सकाळी हाका मारून थकले.

६ जानेवारी
मागच्या खोलीत प्रॅक्टिस. पलंगाच्या माझ्या बाजूला झोपलो. दुसरी बाजू रिकामी ठेवतो ती पाठीसाठी, त्यात दुसरं काही नाही. चादर तोंडावरून. ताई इस्त्री न्यायला आली आणि किंचाळली. अभिनय पोचला.
नंतर ती बराच वेळ ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. कांदा चिरत असावी. जेवणात कांदा नव्हता.

९ जानेवारी
लाजरला मीच भाषण लिहून देणार. तिकडे काय पाहिलं, ते. डायरेक्टर थक्क होईल. सुरुवात फक्कड जमली: ‘तिकडे…’ पुढे पेन चालेना.
ताईला बायबल पाठ. विचारलं, परत आल्यावर लाजर काय बोलला? म्हणाली, काही नाही, एक शब्द लिहिलेला नाही. म्हटलं, कुणी विचारलंच नसेल. तर म्हणाली, बहिणींनी विचारलं असणारच. सांगवलं नसेल त्याला.

१२ जानेवारी, दुपारी
चादरीखाली होतो. स्वयंपाकघरातून हाक आली. ‘अहो.’ तेवढंच. हिची सवयच ती. हाक मारायची आणि मी उठून जाईपर्यंत पुढचं बोलायचं नाही.
उठून गेलो. कोणी नाही. ताई चर्चमध्ये. शेजारच्यांचा टीव्ही असणार.

संध्याकाळी
शेजारी गावाला गेलेत म्हणे. मग पाइपात हवा धरली असेल. प्लंबरला बोलवायचं. मी पूर्ण सावरलेला माणूस आहे.

१४ जानेवारी
प्लंबरला बोलावलं नाही. उगाच पाइप दुरुस्त करून टाकायचा.

१७ जानेवारी
कॉस्च्यूम ट्रायल. पट्ट्या चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेल्या. मेकअपमनने नखशिखांत गुंडाळलं, तोंडासकट. म्हटलं, एक्स्प्रेशन कसं दिसणार? डायरेक्टर म्हणाला, काका, चेहरा दिसला की गूढ जातं. पटलं. खरा नट गुडघ्यांनी अभिनय करतो. भाषण पँटच्या खिशातच राहिलं.
येशू झालेला नट सिमेंटच्या जाहिरातीतला. निळ्या लेन्स, पाठीमागे कायम एक लाइट, पापणी लववायची नाही अशी ऑर्डर. तो जवळून गेला की लाइटवाले सिगारेटी लपवतात. ताईला हे सांगितलं. म्हणाली, उन्हातान्हात फिरणारा माणूस तो, सिनेमावाल्यांना कधी घामाघूम कसा सापडत नाही?

२१ जानेवारी
शूटिंग. उत्तम झालं. किरकोळ टेक्निकल अडचण.
थडगं प्लास्टरचं, पण आत खरोखरीचा अंधार. मागच्या भोकातून कॅमेऱ्याने आधी माझा पडलेला शॉट घेतला. त्यात मी फारच छान होतो. मग थडग्याच्या तोंडावर धोंडा लावला. बाहेर गर्दी ग्लिसरीन घालून रडत होती. धोंडा सरकला, उजेड आला, येशूने हाक मारली. लाजर, बाहेर ये!
मी उठणारच होतो.
तेवढ्यात मागून, आतल्या बाजूने, ‘अहो.’ हळू. खिडकी लावायला सांगताना मारायची तशी.
आता अशा वेळी कोणी उठून बाहेर जाईल का? मी थांबलो, पुढचं ऐकायला. टेकवर टेक. डायरेक्टर ओरडत होता, येशूचा घसा बसला. मला ऐकू येत होतं सगळं. पाय बधिर झाला होता, ही खरी अडचण.
शेवटी येशूच वाकून आत आला. उकिडवा बसला, माझ्या तोंडावरची पट्टी सोडवली. एक लेन्स काढलेली होती. एक डोळा निळा, एक तपकिरी. घामाने थबथबलेला. काका, पाणी देऊ का, म्हणाला. आणि पापणी लववली.
माझा चेहरा ओला होता. ग्लिसरीन झिरपलं असेल. मला कोणी घातलं नव्हतं, तरी.
मग सेटवरच्या सुताराला गुंडाळलं. माझ्याच उंचीचा. एका हाकेत बाहेर आला. त्याला बाहेर काम पडलेलं होतं ना.

संध्याकाळी
ताईने विचारलं, कसं झालं? म्हटलं, सगळे बघत राहिले. खोटं नाही.

२ फेब्रुवारी
दुपारची प्रॅक्टिस चालू ठेवली आहे. पुढच्या सिनेमासाठी. हाक येत नाही. पाइप आपोआप सुधारला वाटतं. घर इतकं शांत असतं, हे कधी लक्षात आलं नव्हतं. साखर पुन्हा सुरू.

१० ऑगस्ट
सिनेमा लागला. ताई ठेवणीतले कपडे घालून आली, आजूबाजूच्या खुर्च्यांना माझी ओळख करून दिली. निळे डोळे, ऑर्गन, ढगांतून ऊन, सगळं यथास्थित. मग हाक आली आणि सुतार धडपडत उजेडात आला. ताईने माझा दंड घट्ट धरला. रडत म्हणाली, ती गेल्यापासून तुला असं उठून चालताना बघितलंच नव्हतं रे. आज बघितलं.
म्हटलं, गुडघ्यांनी करावं लागतं. शेजारच्या गृहस्थांनी हात मिळवला. मी थँक्यू म्हटलं.
बाहेर पडताना ताई जरा थांबली. विचारलं, उठायच्या आधी आत अंधारात पडलेला दाखवला, तो तू नव्हतास ना? बघवत नव्हतं त्याच्याकडे.
नाही, म्हटलं. सुतार होता तो.