गाडी पलीकडच्या काठावर

२८ जानेवारी १९५८, मंगळवार. पुणे

घेतली! आता माझीच झाली — म्हणजे मोडली तरी माझीच. काळी, चार दारांची, एका म्हाताऱ्या वकिलाची. चावी देताना त्यानं टपावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चढावर हिला घाई करू नका. तापते." हे आधी नाही सांगितलं!

इक्बाल बरोबर आहे म्हणून हे धाडस. गावचाच, शाळेतला सोबती, मुंबईत लॉरी चालवतो. मला तर हॉर्नसुद्धा वाजवता येत नाही. मीच वाजवतो आणि मीच दचकतो.

येसूचे दिवस भरत आलेत. मनुबाई सुईण म्हणते, अजून पंधरा दिवस आहेत. गेल्या खेपेलाही असंच काहीतरी म्हणाली होती. तेव्हा येसूला होडीनं खाडीपार केलं, पुढं दवाखान्यापर्यंत बैलगाडी. बैल आपले चालतायत! वाटेतच पोर पोटात गेलं. येसू नंतर महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि मला ते बरंच वाटलं. काय बोललो असतो मी?

यंदा तसं होऊ द्यायचं नाही. गाडी अंगणात उभी असली की मी निर्धास्त.

२९ जानेवारी

निघालो नाही. बॅटरी बसली. खोलीत नखं खात बसलोय. इक्बाल मात्र दुपारी घोरत पडला!

३० जानेवारी. खोपोली

घाट उतरलो. म्हणजे इक्बालनं उतरवला, मी डोळे मिटून होतो. ब्रेकचा जळका वास नाकातून जात नाही. "रामभाऊ, दार सोडा. दार धरून गाडी थांबत न्हाय," हे त्याचं चाललेलं. हसतो मेला! त्याला काय, त्याची बायको माहेरी धडधाकट आहे.

त्याआधी चढाला गाडी दोनदा तापली. मी विहिरीवरून घागर आणतोय, तोवर शेजारून एक बैलगाडी गेली. आत गवतावर एक बाई निजलेली. आजारी असेल, नाही तर नुसती दमलेली असेल. मला बघवेना. पाठ फिरवून उभा राहिलो.

३१ जानेवारी. पेण

एकादशी. टायर फुटला, ते करण्यात दिवस गेला. उपास घडलाच, न ठरवता.

आज मुक्काम इथंच. उद्या खाडी, आणि घाटापेक्षा मला भीती वाटतेय ती तिचीच. पूल नाही. गाडी पार करायची तर दोन मोठ्या होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, वर फळ्या अंथरायच्या, आणि पाणी असं चढलेलं हवं की होडीची कड धक्क्याला लागेल. भरती गेली की तिथं नुसता चिखल. हे काम आमच्या शेजारच्या करमअलीचाचांचं, होड्या त्यांच्याच. निघताना त्यांच्याशी पक्कं केलंय — चंद्राचा बारावा दिवस, सकाळची भरती. उद्या द्वादशी.

फळ्या वजन घेतील ना? मधेच गाडी घसरली तर? इक्बालला विचारलं तर म्हणतो, "निजा आता."

१ फेब्रुवारी, शनिवार. खाडीवर

कुणी नाही! पाणी धक्क्याला लागलं, थोडा वेळ थांबलं आणि उतरायला लागलं. होड्या नाहीत, चाचा नाहीत. समोर आमच्या माडांचे शेंडे दिसतायत. हाक मारली तर कुठली पोचायला!

चाचा शब्दाचे पक्के. का आले नाहीत? घरी काही झालं म्हणून? येसूला काही...

एवढ्यात इक्बालनं कपाळावर हात मारून घेतला. "रामभाऊ, तुम्ही कुठून मोजलंत?" म्हटलं, अमावास्येपासून, आणखी कुठून! "मग चाचांचा आज अकरावा. आमचा पयला दिवस चांद नजरेला पडल्यावर. ते उद्या येतील."

आयुष्यभर त्यांच्याबरोबर राहिलो, त्यांच्या ईदेचा शीरखुर्मा खाल्ला, चांद दिसला का म्हणून गच्चीवर त्यांच्या पोरांबरोबर उभा राहिलो. आणि हे सुचू नये? गाढव आहे मी.

दुपारी एक कोळ्याची डोंगी मिळाली, चिखल तुडवत इक्बाल पलीकडे गेला. "वहिनीस्नी बघून येतो. तुम्ही गाडीपाशी बसा." बसलो! मी का नाही गेलो? गाडी टाकून जायची भीती. आणि घरी काय दिसेल, त्याची त्याहून जास्त. लिहितानाही लाज वाटते.

दिवेलागण

इक्बाल परतला नाही. पलीकडे आमच्या अंगणात कंदील दिसतोय. एका जागी नाही. इकडून तिकडे, परत इकडे.

२ फेब्रुवारी. दवाखान्याची ओसरी

सकाळच्या भरतीला होड्या आल्या. जोडलेल्या, वर फळ्या, सगळं गाडीसाठी केलेलं. पण फळ्यांवर गादी, गादीवर येसू. उशाशी मनुबाई, पायथ्याशी इक्बाल. चाचा लांबूनच ओरडले, "रामचंद्र, दार उघड! गाडीचं दार उघड!"

येसू काल संध्याकाळपासून कंदील घेऊन अंगणात फिरत होती, पहाटेपासून कळा. इक्बाल काल होड्या जोडायला चाचांकडेच थांबला होता. पहाटे माझ्या आईनं हाक दिली, तेव्हा दोघांनी जोडहोडी तशीच लोटली.

मी दार उघडलं. चाचांनीच येसूला उचलून आत ठेवलं. वाटेत तिनं माझं मनगट धरलेलं, नखं रुतलीत, बरं वाटलं. एक चढ आला. मी मोठ्यानं म्हणालो, "तापू नकोस गं बाई." येसूला वाटलं तिलाच म्हणतोय. "आता काय ते माझ्या हातात हाय का?" म्हणाली.

आत नेऊन बराच वेळ झाला. दार बंद आहे. गेल्या खेपेला याच बाकावर बसलो होतो. आतून आवाज नाही. मला काही नको. गाडी नको, मूलही नको — येसू बाहेर येऊ दे. लिहिलं नाही तर वेड लागेल म्हणून लिहितोय.

३ फेब्रुवारी

मुलगी! दोघी सुखरूप.

येसूला म्हटलं, आता उद्याच्या भरतीला गाडी घरी नेतो, अंगणात लावतो. ती म्हणाली, "अहो, घरी कशाला? काल गाडी घरी असती, तर या काठाला उतरून मी कशात बसले असते?"

करमअलीचाचांना निरोप धाडला — होड्यांची जोड सोडा, गाडी याच काठावर राहील.