पोळ्यांच्या बोलीवर मिळालेली खोली

आई, तू जाऊन तेवीस वर्षं झाली आणि मला आज तुझा राग आला आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये, श्राद्धाचं पान वाढताना मनात किल्मिष ठेवू नये, हे तूच शिकवलंस. तरी आला आहे. सकाळपासून जपात लक्ष लागेना, म्हणून माळ ठेवली आणि लिहायला बसले.

मी हल्ली अमेरिकेत असते, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला. दोन हजार दोन साली सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून आले आणि राहिलेच, कारण बाळ वर्षाचं होतंय तोवर सुनेला मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. इथे सगळे नुसतं एमएस म्हणतात. विजेच्या वायरीवरचं वेष्टण विरावं तसं आतल्या नसांवरचं विरत जातं, मग मेंदूने धाडलेला निरोप कधी हातापायांपर्यंत पोचतो, कधी वाटेतच राहतो. एक दिवस ती बाळाला कडेवर घेऊन जिना चढते, दुसऱ्या दिवशी पाण्याचा पेला हातातून सुटतो. घरात दोघींनी रडत बसण्यापेक्षा चार माणसं जमवू, म्हणून मी देवळाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी या आजाराच्या माणसांसाठी केंद्र सुरू केलं. मॅट्रिक झालेली बाई मी, पण वही नीट ठेवते. कोणाला आणायला गाडी हवी, कोणाचं इंजेक्शन कोणत्या वारी, कोण दोन शनिवार फिरकलं नाही. आपल्यातले आहेत, तेलुगू आहेत, शाळेची बस चालवणारे एक गोरे आजोबा आहेत, ते मला बॉस म्हणतात. नवीन आलेलं माणूस दारातूनच सांगायला लागतं, "मी दिसायला बरी दिसते, पण..." त्या 'पण'च्या पुढचं ऐकून घ्यायला ही खोली आहे.

आणि ही खोली मी पोळ्यांच्या बोलीवर मिळवली. देवळाच्या कमिटीला म्हटलं, भाडं कशाला, शनिवारच्या महाप्रसादाच्या पोळ्या आमच्याकडे लागल्या. देवाची सेवा झाली, पैसेही वाचले. केवढी खूष होते मी स्वतःवर! लाटायला मी आणि दोघी धडधाकट बायका. जुलैतल्या एका शनिवारी त्या दोघी आल्या नाहीत. सून म्हणाली, "आई, आज हात मस्त चालतोय, मी लाटते ना." डॉक्टरांनी उष्णता टाळा असं बजावलं होतं. मला वाटलं, उष्णता म्हणजे ऊन. जन्म चुलीपुढे काढलेल्या बाईला तव्याची धग ही धग वाटतच नाही, आई. वीसेक पोळ्या तिने गरगरीत लाटल्या. मग लाटणं थांबलं, आणि टेबलाला धरता धरता ती खाली गेली.

तेवढ्यात कमिटीचे सेक्रेटरी तुपाचा डबा घेऊन आले. पुण्याचे इंजिनिअर, इथे तेलकंपनीत मोठ्या हुद्द्यावर. म्हणाले, "अरे वा! आत्ता तर झकास चाललं होतं. कामाचा ढीग दिसला की बरं बसायला सुचतं, यार!" पलीकडे भाजी ढवळणाऱ्या देवळातल्या बायका हसल्या. सून म्हणाली, "सॉरी काका, पाच मिनिटं द्या." जमिनीवर पडून सॉरी म्हणाली गं ती.

दुसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग. ही माणसं खरंच आजारी आहेत का? एक बाई तर गरब्यात नाचताना दिसली होती. प्रत्येकाने डॉक्टरचं सर्टिफिकेट द्यावं, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी करावी. मी बोलायला उठले तर सेक्रेटरी म्हणतात, "मावशी, इमोशनल होऊ नका. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का? त्या पडल्या की बसल्या?"

आणि मला तुझा आवाज ऐकू आला. फलटणचं स्वयंपाकघर, मे महिना, आणि चुलीपुढे धाकटी काकू. तू म्हणते आहेस, "पहाटे आडावरून दोन कळशा आणते, आणि भाकऱ्या थापायला बसवलं की हिचे हात गळतात. सोंग नुसतं." सोंग मोडावं म्हणून तू तिला दोन्ही वेळा चुलीपुढेच बसवलंस. तिला काय होतं, हे आता कोणी सांगू शकणार नाही. डॉक्टरला दाखवलंच कुठे? तुला माहीत नव्हतं, ते मी सोडून देईन. गावात कोणालाच माहीत नसेल. पण एकदाही विचारलं नाहीस, बाई गं, तुला होतंय तरी काय? भाकरी करपली तर हळहळायचीस. तिचा हात भाजला तेव्हा पीठ वाया गेलं म्हणालीस!

मी सेक्रेटरींना म्हटलं, "पडली. मी पाहिलं. सर्टिफिकेट हवं असेल तर आधी तुमच्या बीपीचं आणा, मगच पुढच्या पंगतीत तुम्हाला बिनमिठाचं वाढते." सगळे हसले. खोली राहिली. पोळ्या सुटल्या, आता आम्ही एसीत बसून देवाच्या वाती वळतो, जमतील तेवढ्या. सेक्रेटरींनी सुनेची माफी मात्र मागितली नाही, पेढ्यांचा डबा पाठवला. पुडीचा दोरासुद्धा न टाकणारी मी, तो डबा तसाच परत पाठवला.

पण आई, तूही एकदा मला विचारलं होतंस. मी नऊ वर्षांची होते. काकू भिंतीला धरत खाली गेली तेव्हा स्वयंपाकघरात मी एकटीच होते. तिचे डोळे मी पाहिले. तू आलीस आणि म्हणालीस, "खरं सांग, पडली का बसली?" तुझा चेहरा बघून मला कळलं, तुला काय हवंय. मी म्हटलं, बसली. तू मला लोणी लावून भाकरी दिलीस. आठवड्याने काकूला माहेरी पोचवलं, ती परत आली नाही.

हे पत्र खरं तर तिलाच लिहायला घेतलं होतं. मायन्याच्या पुढे हात जाईना. तुझ्यावर रागावणं सोपं गेलं.