थ्रेशोल्ड चाळीस

३ मार्च २००८, बाड हॉम्बुर्ग, जर्मनी
पोचलो एकदाचा! वरची खोली झकास आहे. खाली घरमालकीण फ्राउ लोरेन्त्स, वय ब्याऐंशी, एकट्याच. आल्या आल्या सफरचंदाचा केक पुढे केला. आमची कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी मनगटी पट्टी बनवतेय. हात हलला की पट्टीतला सेन्सर इंटरप्ट, म्हणजे इशारा देतो, वर माझ्या खोलीत टेबलावरच्या खोक्याचा दिवा लागतो. दहा मिनिटं इंटरप्ट नाही, की मला मेसेज. चाचणीला बाई स्वतःहून तयार झाल्या. म्हणाल्या, पडले तर कुणाला तरी कळायला हवं ना.

११ मार्च
बाईंची एक ते तीन मिटाग्सरूह, म्हणजे आपली वामकुक्षी. सोफ्यावर अशा निश्चल पडतात की मेसेज आलाच. मी ऑफिसातून धापा टाकत घरी, तर या डाराडूर. चार दिवसांत सहा वेळा! साहेब चिडलेत, माझ्या पायांचे तुकडे पडलेत. शेवटी बाईंनाच माझी दया आली. "आल्झो, हे बघा, तुम्ही सारखे धावू नका. काही झालं तर मीच वर येईन."

१८ मार्च
कंटाळलो बुवा. थ्रेशोल्ड, म्हणजे किमान किती हालचाल झाली की सेन्सरने मोजायची ती मर्यादा, चाळीसवरून एकवर आणला. आता नुसता श्वासही हालचाल म्हणून पुरेल. खरं तर आधी रिकामी पट्टी ठेवून तपासायला हवं होतं. उद्या करू.

२० मार्च
मोबाइल गप्प. काय झोप लागतेय! बाई दोन दिवस दिसल्या नाहीत, पण खोक्यात हालचाल अखंड आहे. म्हणजे ठीकच.

२१ मार्च
कारफ्रायटाग, म्हणजे गुड फ्रायडे, सुट्टी. खाली गेलो. बाई सोफ्यावर, गार. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस झाले असावेत, वेळेवर कुणी आलं असतं तर वाचल्या असत्या. सोफ्याला टेकून फ्रिज आहे. त्याची थरथर सेन्सर मोजत बसला.
आणि डॉक्टरांना फोन करायच्या आधी मी काय केलं? वर येऊन थ्रेशोल्ड परत चाळीस केला. कुणाला कळू नये म्हणून. लाज वाटते.

२५ मार्च
आज दफन झालं. पट्टी बाईंच्या मनगटावरच गेली. मागायची कुठल्या तोंडाने? त्यांच्या पुतणीने येऊन खालचा फ्रिजही बंद केला. घर गप्प. मला झोप नाही.

२७ मार्च
आजारी, घरीच. एक ते तीन काही नाही. तीन वाजून पाच — दिवा लागला. इंटरप्ट. पट्टीचा रेडिओ घराबाहेर पोचत नाही. आणि चाळीसला हात नीट उचलावा लागतो —
पुन्हा. थांबून पुन्हा. कठडा धरून चढावं तसं. जिन्याला बारा पायऱ्या. सात — आठ —
माफ करा हो, मी फार थकलो होतो, फक्त थक —
अकरा.
केकचा वास येतोय, दारा